पुढच्यास ठेच

सांगली शहर संपून उसाचे फड सुरू होतात त्या पट्ट्यात प्लॉट पाडलेल्या वसाहती आहेत. रस्ते कच्चे, गटारं नकाशावर, आणि दर तिसऱ्या-चौथ्या प्लॉटवर कुणाचं तरी काम चाललेलं. आमचं घर अशाच एका वसाहतीत झालं. इथं संध्याकाळी माणसं पाय मोकळे करायला म्हणून निघतात आणि दुसऱ्याच्या बांधकामावर जाऊन थांबतात. आत शिरायला परवानगी लागत नाही, कारण दारच नसतं. सळईला हात लावायचा, वीट विटेवर वाजवून बघायची, कॉलमवर वीत टाकायची, आणि मग कमरेवर हात ठेवून विचारायचं, "खाली किती गेलात?"

हा इथला पहिला प्रश्न. कृष्णाकाठची काळी माती उसा-हळदीला उत्तम, घराला घातक. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर हलकं घर असलं तर तेही तिच्याबरोबर हलतं, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणायचं. ज्याला पाच फुटांवर मुरूम लागला त्याच्याकडे सगळे हेव्यानं बघतात. कुणाला दहा फूट जाऊनही काळीच लागते. त्याला धीर द्यायची आमच्याकडची पद्धत म्हणजे, "जाऊ द्या, विहीर तर झाली!"

दुसरा प्रश्न जोत्याचा. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45. 2005 च्या महापुराची खूण धरून ज्यांनी जोतं उचललं होतं, त्यातल्याही कित्येकांच्या घरात पाणी शिरलं. 2021 ला पुन्हा आलं. तेव्हापासून जोत्याची उंची हा घराघरातला वादाचा विषय आहे. उंच घेतलं तर म्हाताऱ्यांना पायऱ्या वाढतात, स्कूटर चढत नाही. कमी घेतलं तर जुलै-ऑगस्टात झोप लागत नाही. प्लॉट विकणारा प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो, "या पट्ट्यात 2019 ला पाणी नव्हतं आलं." यावर आमच्या गल्लीतले, एसटीतून निवृत्त झालेले अण्णा म्हणतात, "तवा इथं बघायला कोण हुतं? ऊस हुता. उसाला इचारा."

आणखी एक गंमत. प्रत्येक नवा माणूस शेजाऱ्यापेक्षा वीतभर उंच जोतं घेतो. रस्त्यावर दर खेपेला नवा थर पडतो. त्यामुळं गल्लीत सर्वात आधी आलेलं घर सर्वात खाली राहतं आणि पावसाचं पाणी सरळ त्याच्या फाटकात जातं. आमच्या गल्लीत ते घर मास्तरांचं. "मी या खड्ड्यात सगळ्यांच्या आधी पडलो," असं ते नव्या माणसाला स्वतःची ओळख करून देताना सांगतात.

घर पाहावं बांधून, असं म्हणून ठेवणाऱ्यानं खर्चाची आणि दगदगीची कल्पना दिली. सल्ल्यांबद्दल तो काही बोललेला नाही. मी बाई असल्यामुळं माझ्या वाट्याला ते जरा वळसा घालून यायचे. दिवसभर कामावर मी असायची, पण येणारा आधी विचारायचा, "साहेब नाहीत का?" नाहीत म्हटलं की थोडा वेळ घुटमळायचा आणि मग जे साहेबांना सांगायचं ते भिंतीला सांगायचा. भिंतीशेजारी मी उभी असायचीच. एवढं फुकट ज्ञान कानावर पडल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. सल्ला देणारा बहुतेक वेळा आपल्या घराबद्दल बोलत असतो. त्याच्या घरात जे चुकलंय आणि आता फोडल्याशिवाय सुधारता येत नाही, ते तो तुमच्या घरात सुधारू बघतो. म्हणून जो जिन्याबद्दल फार पोटतिडकीनं बोलतो, त्याच्या घरी चहाला जावं आणि जिना बघून यावा.

अण्णांचा जिना मी बघितला आहे. जागा वाचवायच्या नादात आठ-आठ इंचांच्या पायऱ्या झाल्या. वरची खोली मुलासाठी बांधली, मुलगा पुण्याला गेला, आणि काकूंचे गुडघे असे की त्या वर जातच नाहीत. आता तिथं ज्वारीची पोती असतात. अण्णा खिशात टेप घेऊन हिंडतात. कुणाच्या जिन्याचं सेंट्रिंग लागलं की पहिली पायरी मोजतात. त्यांचा हिशेब असा: दोन पायऱ्यांची उंची आणि एका पायरीची रुंदी मिळून साधारण 24 इंच भरावी. म्हणजे साडेसहाची उंची असेल तर अकराची रुंदी. हे त्यांना कुणी सांगितलं देव जाणे, पण सतराव्या शतकात फ्रान्समधल्या ब्लाँदेल नावाच्या वास्तुविदानं जवळपास हेच गणित मांडून ठेवलेलं आहे. त्यानं ते चालणाऱ्या माणसाच्या पावलावरून काढलं. अण्णांनी काकूंच्या गुडघ्यावरून.

मास्तरांचा विषय न्हाणीघर. त्यांच्या न्हाणीघरातलं पाणी जाळीकडं न जाता दाराकडं येतं. रोज अंघोळीनंतर ते खराट्यानं पाणी उलटं लोटतात. त्यांचा सल्ला एका वाक्याचा आहे: "फरशीवाल्याचे पैसे चुकते करायच्या आधी तांब्याभर पाणी ओता. नंतर ओतलंत तर ते पाणी तुमचं."

मालाच्या खरेदीवर मात्र सगळेच तज्ज्ञ. वाळू, खडी, मुरूम आमच्याकडं ब्रासवर घेतात. ब्रास म्हणजे 100 घनफूट. पहाटे डंपर येतो, हौद्यात काठी घालून लांबी, रुंदी, उंची घ्यायची, गुणायची, शंभरानं भागायचं. ड्रायव्हर मधे ढीग करून देतो आणि काठी मधेच घालायला लावतो, एवढं तर शाळकरी पोरालाही कळतं. त्यापुढचं आम्हाला शिकवलं ते गल्लीतल्या साखर कारखान्याच्या केमिस्टांनी. त्यांनी आमच्या चहाचा स्टीलचा पेला मागून घेतला, त्यात दमट वाळू काठोकाठ भरली, बोटानं सपाट केली आणि वरून हळूहळू पाणी सोडलं. वाळू खाली बसत गेली. पेल्याचा जवळजवळ चौथा हिस्सा रिकामा दिसायला लागला. वाळू थोडी ओली असते तेव्हा प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा असतो आणि त्यामुळं कण एकमेकांना टेकत नाहीत, माप फुगतं. कोरडठाक वाळू किंवा पार भिजलेली वाळू, दोन्ही मापाला खऱ्या. मधली दमट वाळू म्हणजे पैसे देऊन घेतलेली हवा. जितकी बारीक वाळू तितकी जास्त फुगणार. हाच घोळ पुढं घमेल्यानं माल कालवतानाही होतो. मिस्त्री म्हणतो एकास सहा, पण त्या सहातली किती वाळू आणि किती हवा, ते त्यालाही ठाऊक नसतं.

ड्रायव्हर हे सगळं फार लक्ष देऊन बघत होता. शेवटी म्हणाला, "मग काय, उन्हात वाळत घालून आणू का साहेब?" सगळे हसले. चहा झाला. वाळू जेवढी होती तेवढीच राहिली.

गल्लीच्या टोकाला एका प्राध्यापक जोडप्यानं वेगळंच घर बांधलं. दोघांनी कुठंतरी लॉरी बेकर वाचला होता. 1945 मध्ये कुष्ठरोग्यांच्या कामासाठी इंग्लंडहून आलेला हा वास्तुविद पुढं केरळातच राहिला आणि हयातभर स्वस्त, साधी घरं बांधत गेला. विटा पाटावर न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या आणि आत पोकळी सोडायची, ही रॅट-ट्रॅप नावाची बांधणी त्यानं आपल्याकडं रुळवली. वीट सुमारे पाव हिश्शानं कमी लागते, आणि पोकळीमुळं ऊन आत यायला वेळ लागतो. घराला बाहेरून गिलावा नाही, उघडी वीट. रोज जाता-येता कुणीतरी विचारायचं, "गिलावा कधी?" दुसरा हळू आवाजात, पण ऐकू जाईल असा म्हणायचा, "संपले असतील पैसे." मिस्त्रीनं ही बांधणी कधी केलेली नव्हती, पहिली भिंत त्यानं अशा चेहऱ्यानं उचलली की जणू पोराटोरांच्या हट्टापायी विटांचा पत्त्यांचा बंगला करतोय. पुढच्या मे महिन्यात तेच थट्टेखोर दुपारी तिथं कैरीचं पन्हं प्यायला जाऊन बसायला लागले. तरी खरं ते सांगायला हवं. आपल्या भट्टीची वीट एकसारखी निघत नाही, कड मोडकी असते. उघड्या भिंतीसाठी एकेक निवडून घ्यावी लागते आणि ती नीट लावणारा कारागीर दिवसाला कमी काम करतो. त्यांची वीट वाचली, मजुरी वाढली. बेकर चांगला, पण त्याच्याबरोबर त्याचे गवंडीही आले असते तर बरं झालं असतं.

स्लॅबचा दिवस म्हणजे लग्नाचाच दिवस. आदल्या संध्याकाळी सळई बांधून झालेली असते, गल्ली वर चढून बघून जाते. सकाळी मिक्सर आणि लिफ्ट येते, टोळी येते, नारळ फुटतो, कॉलमच्या सळईला काळी बाहुली लटकते. मालक नवा पांढरा शर्ट घालून वर उभा राहतो आणि फोटो काढून घेतो. अण्णांनी मला आधीच बजावलं होतं. "ताई, वर हुबं ऱ्हाऊ नका. खाली मिक्सरपाशी हुबं ऱ्हावा. वर नुसती शोभा. पाणी खाली पडतंय."

सगळ्या सल्ल्यांत हा सोन्याचा. स्लॅबची टोळी ठेक्यावर असते, तिला अंधाराच्या आत मोकळं व्हायचं असतं. घट्ट काँक्रीट घमेल्यातून पटकन सुटत नाही, पसरत नाही, कोपऱ्यात आपोआप जात नाही. पाणी वाढवलं की सगळं सोपं होतं. पण सिमेंटला जेवढं लागतं त्याहून जास्तीचं पाणी पुढं उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक छिद्रं राहतात. ताकदही जाते आणि गळतीही तिथूनच सुरू होते. 50 किलोच्या पोत्याला 25 लिटरच्या आसपास पाणी पुरतं. मिक्सरपाशी बादली घेऊन उभा असलेला पोरगा ते अंदाजानं ओततो, आणि अंदाज वेळेबरोबर वाढत जातो. मी तिथं खुर्ची टाकून बसले. दुपारनंतर मुकादम आला.

"बाई, माल घट्ट होतोय. चढंना."

"व्हायब्रेटर कशाला आणलाय?"

"त्यो हाय की. पर त्याला धरणारा माणूस जेवायला गेलाय."

"मग येऊ दे. आपण थांबू."

माणूस पाच मिनिटांत जेवून आला.

स्लॅब झाला की सिमेंटची छोटी आळी करून त्यात पाणी भरून ठेवतात. भारतीय मानक साध्या सिमेंटला निदान सात दिवस पाणी सांगतं, कोरड्या उन्हाळी हवेत दहा. प्रत्यक्षात पहिले तीन दिवस मालक उत्साहानं पाणी मारतो, मग नोकरीवर जातो, मग मोटर बिघडते. इथं मात्र गल्ली कामाला येते. सकाळी फिरायला निघालेला माणूस कुणाच्याही स्लॅबवर चढून बघतो आणि नळी सोडून जातो. "दुपारी तुमचा स्लॅब पांढरा दिसला, म्हणून पाणी सोडलं," असा निरोप दोनदा-तीनदा मला मिळाला, तोही ज्यांच्याशी आमची धड ओळख नव्हती अशांकडून. या एका बाबतीत कुणी थट्टा करत नाही.

याच्या उलट, जिथं गल्लीचं अजिबात ऐकू नये अशीही जागा आहे. कॉलमच्या उभ्या सळयांना ज्या रिंगा बांधतात, त्यांची टोकं कॉलमच्या आतल्या बाजूला, 135 अंशांत वळवायची असतात. सळई बांधणारा काटकोनात वळवतो, कारण ते लवकर होतं. भूकंपात कॉलमचं बाहेरचं काँक्रीट गळून पडलं की काटकोनातली रिंग उघडते आणि उभ्या सळया फाकतात. हे इंजिनिअरनं नकाशावर काढून दिलेलं होतं. तरी मिस्त्री म्हणाला, "इतकी वर्षं असंच करतोय, काय झालं नाही." गल्लीनंही मान डोलावली. "आमच्यात तसंच आहे. काय पडलंय आमचं?"

पडलेलं नाही हे खरं. पण हललेलंही नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मास्तर लहान होते. फडताळातली भांडी खाली आलेली त्यांना आठवतात. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत जी घरं कोसळली त्यांच्या भिंती चांगल्या जाडजूड दगडी होत्या, दगडांमधे चिखल होता आणि डोक्यावर मातीचं जड माळवद. पिढ्यान्‌पिढ्या उभी होती ती. तिथंही कुणीतरी म्हणत असणारच, काय पडलंय आमचं. ज्याचा जिना चुकला तो रोज चढताना शिव्या घालतो आणि तुम्हाला सावध करतो. ज्याचा कॉलम चुकला तो सल्ला द्यायला येत नाही. म्हणून जे रोज वापरायचं, त्याबद्दल शेजाऱ्याला विचारावं; जे पन्नास वर्षांत एकदाच कसाला लागणार, त्याबद्दल ज्याची नकाशावर सही आहे त्याला. गाडी आत येत नाही म्हणून कॉलम फूटभर सरकवा, बाराच्या जागी दहाची सळई घाला, असं सांगणारे भले लोकच असतात. त्यांना चहा द्यावा. त्याच नकाशाचे पैसे वाचवून ते हॉलच्या फरशीला घालणारेही मी बघितले आहेत. त्यांची फरशी सुंदर आहे.

वास्तुशास्त्रावर मी फार बोलणार नाही. ईशान्येला देव, आग्नेयेला चूल, नैर्ऋत्येला कर्ता पुरुष, हे आता भाजीवालाही सांगतो. एकानं आमच्या नकाशावर बोट ठेवून स्वयंपाकघर हलवायला सांगितलं. मी विचारलं, पश्चिमेच्या खिडकीतून एप्रिलमध्ये दुपारी तीनला येणारं ऊन कुठं हलवू? त्यावर त्याच्याकडं उत्तर नव्हतं, पण पिरॅमिड होता.

सर्वात नेमके सल्ले बायकांचे असतात, आणि ते सर्वात शेवटी विचारले जातात. नकाशा मंजूर झाला, भिंती उठल्या, मग घरातल्या बाईला आणून दाखवतात, "हे तुझं किचन." अण्णांच्या काकू आमच्याकडं आल्या तेव्हा ओट्याचं काम सुरू व्हायचं होतं. त्यांच्या घरचा ओटा ठेकेदारानं नेहमीच्या मापानं, 34 इंचांवर केलेला. काकू पाच फुटांनाही कमी. कणीक मळायला त्या ओट्यापुढं पाट टाकून त्यावर उभ्या राहतात. मला भिंतीशी उभं करून त्यांनी माझा हात कोपरात दुमडायला लावला आणि खडूनं भिंतीवर रेघ मारली. "कोपराच्या खाली चार बोटं. एवढाच कर. मिस्त्री ऐकणार नाही, तू इथनं हलू नकोस." मग त्यांनी एकामागून एक विचारलं: सिलिंडर कुठं? पिठाचा डबा कुठं? केराची बादली, केरसुणी कुठं? पावसात ओली चादर कुठं वाळत घालणार? बसून भांडी घासायची तर नळ किती उंच? मिक्सरला प्लग ओट्याच्या कुठल्या बाजूला, तू डावरी आहेस ना? नकाशा करणाऱ्यानं यातला एकही प्रश्न विचारला नव्हता. त्याच्या नकाशात सोफ्याची जागा पक्की होती, केरसुणीची नव्हती.

मिस्त्री अर्थातच म्हणाला, "ताई, सगळीकडं चौतीसच असतंय." खडूची रेघ दाखवली. त्यानं ती बघितली, मला बघितलं, आणि म्हणाला, "बरं. काकू येऊन गेल्या वाटतं."

आता आमच्यासमोरच्या प्लॉटवर पायाचं खणणं चालू झालंय. नवरा-बायको दोघं तरुण आहेत, दोघांच्या हातात मोबाईल, त्यात घरांची चित्रं. अण्णा टेप घेऊन गेले होते, मास्तर तांब्याचं सांगून आले. मीही गेले. माझ्याकडं सांगायला होतं ते आमच्या डावीकडच्या घरातलं. तिथं गिझर बसवायला आलेल्या पोरानं भिंतीला भोक पाडलं आणि गिलाव्यामागची पाण्याची नळी फोडली. नळी नेमकी कुठून गेली आहे हे घरात कुणालाच सांगता येईना. प्लंबर गावाला निघून गेलेला. महिन्याभरापूर्वी लावलेल्या टाइल्सची अर्धी भिंत उकरावी लागली.

तुमचं बांधकाम गिलाव्यापर्यंत आलं असेल तर हे आजच करा. विजेच्या आणि पाण्याच्या नळ्या उघड्या दिसताहेत तोवर प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, कोपऱ्यापासून आणि जमिनीपासून टेप लावून, आकडे वाचता येतील असा. आणि तो नुसता मोबाईलमध्ये ठेवू नका. छापून घ्या आणि घरपट्टीच्या पावत्यांच्या फायलीत लावून ठेवा. ती फाईल कुणी हरवत नाही.